डोकं धरणारी म्हाळसक्का

बसवकल्याणच्या सेवा क्लबाचं नेत्रशिबिर दर जानेवारीत हुलसूरच्या हायस्कुलात भरतं. तिथं डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलेल्या कुणालाही विचारा, डॉक्टरांचं नाव आठवायला त्याला वेळ लागेल. पण डोकं कुणी धरलं होतं, असं विचारलं तर तो लगेच सांगेल, "म्हाळसक्कानं."

म्हाळसक्का मूळची कोहिनूर गावची, धनगराच्या घरातली. तिचं जन्मसाल कुणी लिहून ठेवलेलं नाही. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर दहाएक वर्षांनी, करडईच्या काढणीत, एवढंच तिची आई सांगायची. बापाची ऐंशी मेंढरं होती. लोकर कातरायचा दिवस आला की पुरुष कातर चालवायचे आणि म्हाळसा डोकं धरायची. मेंढीला पाडून चारी पाय बांधायची पद्धत तिच्या बापाला आवडत नसे. घाबरलेली मेंढी अंग आखडून घेते आणि कातर कातडीला लागते, असं तो म्हणायचा. त्यापेक्षा डोकं मांडीवर घ्यायचं, एक तळवा जबड्याखाली, दुसरा कानामागं, आणि घशातल्या घशात "हुर्र, हुर्र" असा बारीक आवाज करत राहायचं. जोर लावायचा नाही. मेंढीनं मान वळवली तर आपल्या हातानंही तिच्याबरोबर तेवढंच वळायचं आणि हळूच तिला जागेवर आणायचं. सात वर्षांची असल्यापासून म्हाळसा हे काम करत होती.

हुलसूरच्या सिद्धरामशी तिचं लग्न झालं, तेव्हा त्या घरीही मेंढरं होती. पुढं गायरानं आटत गेली, माळ मोडून लोकांनी तूर-उडीद पेरले, आणि मेंढरं घेऊन फिरायला वाट उरली नाही. १९९२ साली सिद्धरामनं राहिलेली बावीस मेंढरं बाजारात विकली आणि तो हैदराबादला बांधकामावर वॉचमन म्हणून गेला. म्हाळसक्का मुलगा मल्लिकार्जुन याला घेऊन गावात राहिली. खुरपणी, काढणी, लग्नकार्यातला स्वयंपाक, जे मिळेल ते काम करायची.

सेवा क्लब तेव्हा नुकताच सुरू झाला होता. डॉक्टर, वकील, शाळामास्तर, अडत व्यापारी अशी वीस-बावीस मंडळी. झाडं लावायची, रक्तदान करायचं, मुडबीच्या रस्त्याला जनावरांसाठी पाण्याचा हौद बांधायचा, अशी त्यांची कामं चालत. बंडोपंत क्लबाचे सचिव. ते बसवकल्याणला कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. शिस्तीचा माणूस. शिबिरातल्या खाटांनासुद्धा त्यांनी नंबर घातले होते. ऑपरेशन करायचे डॉ. प्रणेश.

१९९४च्या शिबिरात म्हाळसक्का भाकऱ्या थापायला आली. दुसऱ्या दिवशी चहाची किटली घेऊन ती वर्गावरून चालली होती, तर आत गडबड ऐकू आली. डोळा बधिर करायचं इंजेक्शन डोळ्याच्या कडेला देतात. टेबलावरची आजी सुई जवळ आली की डोकं झटकायची. दोन जण तिला दाबून धरत होते आणि आजी जास्तच बिथरत होती. म्हाळसक्कानं किटली खाली ठेवली, न विचारता आत गेली आणि म्हणाली, "सोडा की तिला. अशानं कुनी ऱ्हाईल का गप?" तिनं आजीचं डोकं दोन्ही तळव्यांत घेतलं. इंजेक्शन कधी झालं, ते आजीलाही कळलं नाही.

डॉ. प्रणेश म्हणाले, "अक्का, उद्यापासून चहा दुसरं कुणी आणेल. तुम्ही इथंच उभ्या राहा."

तीन वर्षं ती तिथं उभी राहिली. शिबिर आठ दिवसांचं, पण त्या आठ दिवसांसाठी ती वर्षभर हात जपायची. दसऱ्यानंतर काटेरी कुंपणं घालायच्या कामाला जायची नाही. "हाताला काटं बसलं तर पेशंटाला टोचतील," म्हणायची. शेजारणी हसायच्या. "बघा, डाक्टरीण निघाली!" मेंढरं गेल्यापासून तिच्या हातांना धरायला जिवंत असं काही उरलं नव्हतं. ते क्लबानं दिलं, असं तिला वाटायचं आणि ती ते सगळ्यांना बोलून दाखवायची.

१९९७ सालच्या शिबिरात घोटाळा झाला.

आदल्या दिवशी तपासणी व्हायची आणि ज्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं त्याच्या भुवईवर जांभळ्या औषधाची टिकली लावायची, असा रिवाज होता. सकाळी पेशंट बाकावर ओळीनं बसत. दाराशी बंडोपंत यादी घेऊन खुर्चीवर बसत. नाव, गाव आणि डोळा वाचून दाखवत आणि एकेकाला आत सोडत. त्या वर्षी म्हाळसक्का शिबिराच्या आधी मैलारला देवदर्शनाला जाऊन आली होती. येताना तिनं मल्लण्णाचा भंडारा आणला होता. सकाळी बाकावर बसलेली वीस माणसं भीतीनं थरथरताना बघून तिला राहवलं नाही. पुडी सोडून तिनं एकेकाच्या कपाळाला भंडारा लावला. धनगराघरची रीत चिमूटभर लावायची नव्हे. चांगला मूठभर हळदीचा मळवट, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत. म्हातारी माणसं खूश झाली. टिकल्या मात्र भंडाऱ्याखाली गेल्या.

तरी दाराशी यादी होती. पण त्या दिवशी उद्घाटनाला मोठे पाहुणे आले होते आणि बंडोपंत फोटोसाठी मैदानात गेले होते. खुर्ची रिकामी होती. बाकावरचा पुढचा माणूस उठला आणि आत गेला. तो मुडबीचा माणिकप्पा. त्याचा डावा डोळा मोतीबिंदूनं पुरता झाकलेला, उजव्यानं अंधुक का होईना दिसायचं. ऑपरेशन डाव्याचं होतं. इंजेक्शन उजव्याला दिलं गेलं. डोकं म्हाळसक्कानंच धरलं होतं.

डॉ. प्रणेशांनी भिंगातून बघितलं आणि हात थांबवला. "हा मोतीबिंदू अजून पिकलेला नाही. कागद आणा याचा." कागद आला. त्यावर डावा डोळा लिहिलेला होता.

डोळ्याला इजा झाली नव्हती. पण बधिर केलेला डोळा दुसऱ्या सकाळपर्यंत पट्टीखाली ठेवावा लागला. डाव्यानं तर आधीच दिसत नव्हतं. माणिकप्पाला पूर्ण एक दिवस ठार अंधारात काढावा लागला. म्हाळसक्का त्याच्या खाटेशी बसून राहिली. तो सारखा विचारायचा, "अक्का, ऊन कुठं आलंय?" ती सांगायची. सकाळी पट्टी निघाली, त्याला अंधुक दिसलं, आणि मग डाव्याचं ऑपरेशन नीट पार पडलं. तो तक्रार करेना. म्हणाला, "देवाचाच भंडारा हाय. कुनाला बोल लावू?"

क्लबाच्या बैठकीत मात्र ठराव झाला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या कुणीही ऑपरेशनच्या खोलीत जायचं नाही. ठरावात म्हाळसाबाईंच्या हातून झालेली चूक लिहिली होती. रिकाम्या खुर्चीबद्दल एक अक्षर नव्हतं. ठराव लिहिणारे बंडोपंतच. ते स्वतः हुलसूरला येऊन तिला सांगून गेले. "स्वयंपाकाचं काम तुमच्याकडेच राहील," म्हणाले.

म्हाळसक्कानं खुर्ची रिकामी बघितली होती. ती म्हणाली, "बरं सर," आणि भाकरीला पीठ मळायला बसली.

तिचं तोंड इतर बाबतींत बंद राहणारं नव्हतं. दर जानेवारीत शिबिराच्या पहिल्या सकाळी ती पदराला हात पुसत बंडोपंतांसमोर उभी राहायची.

"सर, ह्या बारी आत सोडताव का?"

"नियम आहे, म्हाळसाबाई."

"नियम म्हातारा झाला की आता."

"नियम म्हातारा होत नाही."

"मी व्हायले पर."

सगळे हसायचे, बंडोपंतही हसायचे, आणि म्हाळसक्का चुलीकडं वळायची. हसली तरी तिला ते लागायचं. आतून कुणी ओरडलं की तिचे हात पिठातच थबकायचे.

मग राग धरून ती क्लब सोडून का गेली नाही? तिला असं कुणी विचारलं की ती हैदराबादची गोष्ट सांगायची. २००१ साली सिद्धराम परांचीवरून पडला. बांधकामाच्या परांचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून. सांगावा आला तेव्हा म्हाळसक्काला हैदराबादची बस कुठून सुटते तेही ठाऊक नव्हतं. बंडोपंतांनी कॉलेजात रजा टाकली आणि तिला घेऊन गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात चार दिवस वर्तमानपत्र अंथरून राहिले. रक्त लागलं तेव्हा पहिली बाटली त्यांनी दिली आणि फोन करून क्लबाचे आणखी तीन जण बोलावून घेतले. सिद्धराम लंगडत का होईना घरी आला. "माझ्या नवऱ्याच्या अंगात सरांचं रगत फिरायलंय," ती म्हणायची. "त्या मानसावर मी काय रुसू?"

२००७ साली क्लबाला टांझानियाहून बोलावणं आलं. तिथल्या एका गावात गुजराती व्यापाऱ्यांचा असाच क्लब होता. तिकडं डोळ्याचे डॉक्टर मिळत नाहीत, तुम्ही येण्याजाण्यासकट दहा-बारा दिवस काढा, जिल्ह्याच्या दवाखान्यात जागा देतो, असं त्यांनी कळवलं. डॉ. प्रणेश तयार झाले. त्यांच्याबरोबर आणखी एक डॉक्टर, एक सिस्टर, रविकुमार नावाचा तंत्रज्ञ आणि क्लबाचे चौघे. बंडोपंत पुढारी.

बैठकीत औषधं, उपकरणं, तिकिटं सगळं अर्ध्या तासात ठरलं. दीड तास चर्चा झाली ती जेवणाची. मंडळी सगळी शाकाहारी. तिकडं काय मिळेल, कशात शिजवतील, ज्वारीची भाकरी बारा दिवस नाही म्हणजे पोटाचं काय होईल! शेवटी ठरलं की स्वयंपाकाला आपलंच माणूस न्यायचं. शिबिरातला दहा वर्षांचा अनुभव कुणाला? म्हाळसक्काला.

बंडोपंतांच्या पत्नी इंदुताई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी म्हाळसक्काला सही शिकवली. पासपोर्टच्या फॉर्मवर पहिलं अक्षर रेघेवर आलं आणि बाकीची उतारावरून गेली. चौकशीला हवालदार आला तो तिला विचारतो, "अक्का, परदेशात काय काम काढलंत?" म्हाळसक्का म्हणाली, "भाकऱ्या थापायचं." हवालदारानं इंदुताईंकडं बघितलं. इंदुताई म्हणाल्या, "खरंच सांगायल्यात हो त्या."

मल्लिकार्जुन आता हैदराबादला टाइल्स बसवायचं काम करायचा. त्यानं मोबाइलवरून विचारलं, "आई, आफ्रिकाला कामून जायलीस? हितं भाकऱ्या कमी पडल्या का?"

"तू हैदराबादेला गेलास तवा मी विचारलं का?"

"तवा तू रडली व्हतीस."

"मग आता तू रड," म्हणून तिनं फोन ठेवला.

सिद्धरामनं फक्त एक विचारलं, तिकडं मेंढरं असतात का, ते बघून ये.

मेंढरं होती. शेपटीला चरबीची पिशवी असलेली, बिनलोकरीची. दवाखान्याच्या शेजारच्या शाळेत तिची चूल होती. तिथून माळ दिसायचा आणि सकाळी कळप जाताना दिसायचे. म्हाळसक्का पीठ मळता मळता बघत राहायची. तिकडची माणसं मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा शिजवून खात, अगदी आपल्याकडच्या नाचणीच्या मुद्देसारखा. दोन दिवसांत तिला कळलं की चहाला तेही चाय म्हणतात, औषधाला दवा म्हणतात. दवाखान्यातली नर्स नीमा हिंदी सिनेमे बघून थोडं हिंदी शिकली होती. म्हाळसक्काची दखनी उर्दू आणि नीमाची हिंदी, दोघींचं बरं जमलं.

पाच दिवस काम जोरात चाललं. डोकं धरायला रविकुमार होता. पाचव्या संध्याकाळी त्याला थंडी वाजून ताप भरला. सहावा दिवस ऑपरेशनचा शेवटचा. दुपारपर्यंत आटपायचं, कारण दुसऱ्या सकाळी पट्ट्या सोडून मंडळी निघणार होती.

सकाळी सिस्टरनं आणि, नाइलाज म्हणून, बंडोपंतांनी मिळून रविकुमारचं काम चालवलं. सोपे पेशंट होऊन गेले. शेवटी राहिली ती एक म्हातारी. जनावरं राखणाऱ्या लोकांतली, कानाच्या पाळ्या लोंबलेल्या, गळ्यात मण्यांच्या माळा. लेकीचा हात धरून दोन दिवस चालत आलेली. तिचा एक डोळा लहानपणी काटा लागून गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. म्हणजे डोळा एकच, आणि तोही बंद.

बंडोपंतांनी तिचं डोकं धरलं. सुई जवळ आली आणि म्हातारीनं असा हिसडा दिला की बंडोपंतांचा चष्मा खाली पडला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती उठूनच बसली. नीमानं समजावलं, लेकीनं समजावलं. म्हातारी म्हणायची, करा, करा. आणि सुई आली की अंग तिचं ऐकायचं नाही.

डॉ. प्रणेशांनी हातमोजे काढले. "एकच डोळा आहे. हलत्या डोक्यावर मी सुई लावणार नाही. गेला तर ही बाई जन्माची आंधळी होईल." मग ते बंडोपंतांना म्हणाले, "सर, तुम्हाला ठाऊक आहे कुणाला बोलवायचं ते. मी दहा वर्षं तुमच्या नियमाला हात लावलेला नाही. आज तुम्ही सांगा."

म्हाळसक्का दोडक्याची भाजी चिरत होती. बंडोपंत दारात येऊन उभे राहिले.

"हात धुवा, म्हाळसाबाई. आत चला."

"आत म्हंजे?"

"ऑपरेशनच्या खोलीत. डोकं धरायला." त्यांनी म्हातारीची हकिगत सांगितली.

म्हाळसक्कानं विळी आडवी केली, पण ती उठली नाही. दहा वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते आले होते आणि ती चिरलेल्या फोडी गोळा करत बसली. "न्हाई सर. माझ्यानं व्हनार न्हाई. एकच डोळा हाय म्हन्ताव तिला. मानिकप्पाचा तरी दुसऱ्या सकाळी उघडला. हिचा माझ्या हातनं गेला तर?"

बंडोपंत चुलीजवळच्या पोत्यावर टेकले. इस्त्रीच्या पँटीला पीठ लागलं.

"माणिकप्पाच्या दिवशी माझी खुर्ची रिकामी होती," ते म्हणाले. "मी फोटो काढायला गेलो होतो. दाराशी नाव आणि डोळा वाचणं माझं काम होतं. मी असतो तर तुम्ही शंभर भंडारे लावले असते तरी चूक झाली नसती. ठराव मी लिहिला आणि त्यात तुमचं नाव घातलं, माझं घातलं नाही. दहा वर्षं मी पोरांना हिशेबात दोन बाजू असतात म्हणून शिकवतोय."

"मला ठाव हाय, सर."

"काय ठाऊक आहे?"

"खुर्ची मोकळी व्हती ती. म्या बघितली व्हती."

बंडोपंतांनी मान वर केली. "मग बोलल्या का नाहीत?"

"काय बोलू? भंडारा मीच लावला व्हता की. तुमची चूक सांगितल्यानं माझी कमी व्हनार व्हती का?" तिनं विळी बाजूला सरकवली. "तुमी बोललाव न्हाई, म्हनून लई वाईट वाटायचं. पर मग हैदराबादेत तुमी पेपरावर झोपलाव. तवा म्हनलं, जाऊ द्या."

बंडोपंतांनी चष्मा काढून पुसला. चष्म्याला पीठ लागलं, म्हणून पुन्हा पुसला. मग म्हणाले, "आज मी दाराशी उभा राहतो. नाव, गाव, डोळा मोठ्यानं वाचतो. तुम्ही डोकं धरा. चूक झाली तर दोघांची."

म्हाळसक्का उठली. तिनं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, सिस्टरनं दिलेला हिरवा झगा लुगड्यावरून घातला, तोंडाला फडकं बांधलं. दारात बंडोपंतांनी म्हातारीचं नाव वाचलं, गाव वाचलं आणि म्हणाले, "उजवा डोळा." म्हाळसक्कानं म्हातारीच्या भुवईवरची खूण बघितली आणि म्हणाली, "उजवा."

ती टेबलाच्या डोक्याकडं उभी राहिली. एक तळवा जबड्याखाली, दुसरा कानामागं. म्हातारीचं सगळं अंग ताठ झालेलं. सुई अजून लांब होती. म्हाळसक्कानं हात न दाबता तसेच ठेवले. म्हातारीनं मान डावीकडं झटकली, हातही तिच्याबरोबर गेले आणि हळूच परत आले. उजवीकडं झटकली, तिकडंही गेले. मग म्हाळसक्काच्या घशातून तो बारीक आवाज यायला लागला. हुर्र, हुर्र.

म्हातारी एकदम थांबली. कान देऊन तिनं ऐकलं आणि काहीतरी म्हणाली. नीमा खुदकन हसली.

"क्या बोली?" म्हाळसक्कानं विचारलं.

"बोलती है, तू मेरे को भेड समझती क्या?"

म्हाळसक्का म्हणाली, "उसको बोल, भेड रहती तो अब तक चुप बैठती."

नीमानं सांगितलं आणि म्हातारी हसायला लागली. तोंडात चार दात, पण पोटापासून हसली. टेबल हाललं. बाहेर उभी असलेली तिची लेकही हसली, डॉ. प्रणेश मास्कच्या आत हसले. हसून झाल्यावर म्हातारीनं एक मोठा श्वास सोडला आणि तिचं डोकं म्हाळसक्काच्या तळव्यांत पूर्ण वजनानं आलं. ते वजन म्हाळसक्काला ओळखीचं होतं. जनावरानं विश्वास टाकला की असंच येतं. तिनं डॉक्टरांकडं बघून मान हलवली.

सुई गेली. म्हातारी हलली नाही. पुढची पंचवीस मिनिटं म्हाळसक्काच्या बोटांना घाम फुटला, पाय भरून आले, पण तळवे तसेच राहिले. डॉक्टरांनी "झालं" म्हटलं तेव्हा म्हातारीला डुलकी लागली होती.

दुसऱ्या सकाळी सिस्टरनं पट्टी सोडली. म्हातारीनं डोळा मिटला, उघडला, पुन्हा मिटला. मग लेकीकडं बघितलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. लेक रडत होती. बऱ्याच वेळानं म्हातारीनं विचारलं, काल आवाज काढणारी कोण? म्हाळसक्का पुढं आली. म्हातारीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, तिचे हात हातात घेऊन उलटेपालटे केले आणि प्रश्न विचारला.

"पूछती है, तुम्हारे पास जानवर कितने?" नीमा म्हणाली.

"बोल, बेच दिये. पंदरा साल हुए."

नीमानं सांगितलं. म्हातारीनं जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं आणि तोंड वाकडं करून दोन शब्द बोलली.

"बोलती है, बहुत गलत किया."

"लई खरं बोलायलीस बाई," म्हाळसक्का मराठीतच म्हणाली आणि तिनं म्हातारीच्या पायाला हात लावला. म्हातारी घाबरून पाय मागं घ्यायला लागली. पाया पडणं म्हणजे काय, ते नीमाला समजावून सांगावं लागलं. बंडोपंत दाराजवळ उभे होते. त्यांनी फोटो काढायला कॅमेरा वर केला, काय वाटलं कोण जाणे, परत खिशात घातला आणि नुसते बघत राहिले.

परत आल्यावर क्लबाची बैठक झाली. बंडोपंतांनी सांगून म्हाळसक्काला बोलावून घेतलं. चहा द्यायला नव्हे, बसायला. १९९७चा ठराव त्यांनी उभं राहून वाचला. त्याच्याखाली नवा मजकूर लिहिला होता, तोही वाचला. त्या दिवशी सचिव आपल्या जागी हजर नव्हते, नाव व डोळा वाचला गेला नाही, आणि चूक घडण्यास तेही तेवढेच कारण होते. खाली स्वतःची सही. सभासदांत चुळबूळ झाली. एक जण म्हणाला, "सर, दहा वर्षांनी हे कशाला?" बंडोपंत म्हणाले, "दहा वर्षं उशीर झाला म्हणूनच."

नियम मात्र त्यांनी रद्द केला नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. वैद्यकीय शिक्षण हवं ना, मग ते द्यायचं. म्हाळसक्का दोन महिने डॉ. प्रणेशांच्या दवाखान्यात शिकायला गेली. हात कसे निर्जंतुक करायचे, कुठल्या वस्तूला शिवायचं नाही, कागदावरचं उजवं-डावं कसं वाचायचं. ती दोन अक्षरं इंदुताईंनी तिच्याकडून शंभर वेळा गिरवून घेतली. वयाच्या पन्नाशीत तिला एक दाखला मिळाला. तो तिनं सिद्धरामला दाखवला. सिद्धराम म्हणाला, "आता भाकऱ्या कोन थापनार?"

"तू थाप. बसूनच अस्तोस की."

त्यानं खरोखरच शिबिरात कांदे-बटाटे सोलायचं काम धरलं.

२००८च्या जानेवारीत शिबिराची पहिली सकाळ उजाडली. बाकावर माणसं बसली होती. बंडोपंत दाराशी यादी घेऊन उभे होते; खुर्ची त्यांनी मागवलीच नव्हती. आत म्हाळसक्का टेबलाच्या डोक्याकडं हात पुढं धरून तयार होती. त्या वर्षी तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं आणि विचारायची गरजही नव्हती.

"काशप्पा. कोहिनूर. डावा डोळा," बंडोपंतांनी मोठ्यानं वाचलं.

म्हाळसक्कानं कागद बघितला, भुवई बघितली. "डावा," ती म्हणाली. मग माहेरच्या माणसाचं डोकं दोन्ही तळव्यांत घेऊन तिनं सांगितलं, "मामा, मान सैल सोडा. मी हाय."